वाइनचे माप, ब्रिटनमधील

पानगृहात वा उपाहारगृहात पेल्याने विकल्या जाणाऱ्या वाइनचे प्रमाण ठरविणारी व्यवस्था. ग्राहकाला पैशाच्या मोबदल्यात पुरेपूर माल मिळावा, हा या व्यवस्थेचा मूळ हेतू होय. राज्यभर वाइनसाठी एकच माप असावे, अशी तरतूद १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेत आढळते. अ‍ॅन राणीच्या कारकीर्दीत (१७०२–१४) वाइनचा गॅलन २३१ घन इंच (सु. ३·७८५ लि.) असा निश्चित झाला. १८२४ च्या कायद्याने सर्व द्रवपदार्थांसाठी सु. ४·५४६ लि.चा इंपीरियल गॅलन आणला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र जुनाच गॅलन टिकून राहिला.

ही मापे मुख्यत्वे पिपांच्या व्यापारासाठी होती. पेल्यातील वाइनचे प्रमाण विक्रेताच ठरवी. १९६३ च्या वजनमापे कायद्याने बिअर, तसेच जिन, व्हिस्की इ. मद्यांची मापे बांधून दिली. पेल्यातील वाइनला हा नियम १९९५ पासून लागू झाला. त्यानुसार १२५ व १७५ मि.लि. आणि त्यांच्या पटी ही मापे ठरली. ७५० मि.लि.च्या बाटलीतून १२५ मि.लि.चे सहा, तर २५० मि.लि.चे तीन पेले भरतात. १७५ मि.लि.चे चार पेले भरल्यावर ५० मि.लि. वाइन उरते. २०११ मध्ये ७५ मि.लि.पेक्षा कमी वाइन विकण्यासही मुभा मिळाली.

ठरलेल्या मापाने फसवणूक टळते; परंतु मद्यपान मर्यादित राहतेच असे नाही. १२ टक्के अल्कोहॉल असलेल्या वाइनच्या १२५ मि.लि.मध्ये १५ मि.लि., तर २५० मि.लि.मध्ये ३० मि.लि. शुद्ध अल्कोहॉल असते. पेला मात्र दोन्ही वेळी एकच मोजला जातो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार इंग्लंडमधील वाइनच्या पेल्याची सरासरी धारणक्षमता अठराव्या शतकाच्या आरंभी सु. ६६ मि.लि. होती, २०१६–१७ मध्ये ती ४४९ मि.लि. झाली. या काळात काचेवरील कर (१७४६–१८४५) रद्द झाला आणि काच घडविण्याचे तंत्रही सुधारले. अशा मोठ्या पेल्यात लहान माप तोकडे भासते.

यामुळे मापांचा विचार आरोग्याच्या दृष्टीनेही होऊ लागला. इंग्लंड व वेल्समधील पानगृहांत १२५ मि.लि.चे माप उपलब्ध ठेवणे २०१० मध्ये बंधनकारक करण्यात आले. पुढे इंग्लंडमधील २१ पानगृहांत सर्वांत मोठे माप चार आठवडे विक्रीतून काढून पाहण्यात आले. तेव्हा वाइनचा दैनिक खप ७·६ टक्क्यांनी घटल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले; बिअरचा खप वाढल्याचे मात्र आढळले नाही. ग्राहकाच्या रक्षणासाठी निर्माण झालेले माप अशा रीतीने त्याच्या प्रकृतीशीही निगडित झाले आहे.