दुकानात न पोहोचलेला अल्बम

एखादा अल्बम आला, चालला नाही, आणि वीस वर्षांनी सगळे त्याचं नाव घेऊ लागले, की त्याच्याबद्दल एक ठरलेलं वाक्य लिहिलं जातं: ‘तो काळाच्या पुढे होता.’ बिग स्टार या अमेरिकन बँडच्या ‘रेडिओ सिटी’ या दुसऱ्या अल्बमबद्दल हे वाक्य इतक्यांदा लिहून झालंय की आता ते कुणी तपासूनही बघत नाही. मला ते पटत नाही. फेब्रुवारी १९७४मध्ये आलेला हा अल्बम लोकांनी ऐकून नाकारला नव्हता. बहुतेकांना तो ऐकायलाच मिळाला नाही. या दोन गोष्टींत मोठा फरक आहे, आणि तो समजायचा तर गाण्यांइकतंच गोदामांबद्दलही बोलावं लागतं.

(आपल्याकडे रेडिओ सिटी म्हटलं की ९१.१ एफएम आठवतं. त्याचा इथे संबंध नाही. उलट गंमत अशी, की या नावाचा अल्बम रेडिओवर फारसा वाजलाच नाही.)

आधी ‘पॉवर पॉप’ म्हणजे काय ते सांगतो. हा शब्द ‘द हू’ या बँडच्या पीट टाउनशेंडने १९६७मध्ये स्वतःच्या संगीतासाठी वापरला. बीटल्ससारखी गोड, लगेच ओठांवर येणारी चाल घ्यायची, पण गिटार आणि ड्रम्स मात्र दणकून वाजवायचे. गाणं तीन-साडेतीन मिनिटांत संपवायचं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन रॉकमध्ये लांबच लांब सोलो वाजवायची चढाओढ लागली होती, तेव्हा हा प्रकार जुनाट वाटायचा. म्हणजे ‘काळाच्या पुढे’ तर सोडाच, या मुलांना १९६५मध्ये परत जायचं होतं.

शहर होतं मेम्फिस. इथे स्टॅक्स नावाची रेकॉर्ड कंपनी होती, कृष्णवर्णीय सोल संगीताचं एक मोठं केंद्र. एप्रिल १९६८मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या याच शहरात झाली. त्याच शहरात गोऱ्या मध्यमवर्गीय घरांतली काही पोरं ब्रिटिश बँड ऐकत मोठी होत होती. त्यांना आसरा मिळाला आर्डेंट स्टुडिओत. मालक जॉन फ्राय हा माणूस मला या गोष्टीतला सगळ्यात आवडता. त्याने या पोरांना ध्वनिमुद्रणाचे चक्क धडे दिले: माइक कुठे ठेवायचा, कन्सोल कसा चालतो, टेप कशी जोडायची. शिकून तयार झालेल्यांना रात्री स्टुडिओ मोकळा असताना तिथे काम करायची मुभा होती. ख्रिस बेल, अँडी हमेल आणि जोडी स्टीफन्स हे असे तयार झाले. गिटार, बेस आणि ड्रम्स. रेकॉर्ड कशी बनते हे त्यांना रेकॉर्ड काढण्याआधीच ठाऊक होतं.

चौथा आला अ‍ॅलेक्स चिल्टन. हा सोळाव्या वर्षीच स्टार होऊन बसला होता. १९६७मध्ये बॉक्स टॉप्स या बँडचं ‘द लेटर’ त्याने गायलं, दोन मिनिटांहूनही छोटं गाणं, आणि ते चार आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. त्या बँडमध्ये गाणी कुठली, ती वाजवायची कशी, हे सगळं दुसरे ठरवायचे. त्याला आता स्वतःची गाणी लिहायची होती. बँडला नाव दिलं ते स्टुडिओजवळच्या किराणा सुपरमार्केटचं: बिग स्टार. १९७२मध्ये आलेल्या पहिल्या अल्बमचं नाव ‘नंबर वन रेकॉर्ड’. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. विकला गेला दहा हजारांपेक्षा कमी.

घोडं अडलं ते वितरणात. आर्डेंटच्या रेकॉर्ड दुकानांपर्यंत न्यायचं काम स्टॅक्सचं होतं. स्टॅक्सची सगळी ताकद सोल संगीताच्या बाजारात. तिथले रेडिओ डीजे आणि दुकानदार त्यांच्या ओळखीचे. गोऱ्या पोरांच्या गिटार बँडची रेकॉर्ड कुठल्या स्टेशनला द्यायची, कुठल्या दुकानात ठेवायची, याचं जाळंच त्यांच्याकडे नव्हतं. त्याच वर्षाच्या अखेरीस स्टॅक्सने कोलंबिया या बलाढ्य कंपनीशी वितरणाचा करार केला. कागदावर हा उत्तम उपाय दिसत होता. पण त्यामुळे गावोगावचे स्वतंत्र वितरक बाजूला पडले आणि सगळी मदार एकाच साखळीवर आली. एकच कडी तुटली की सगळं बंद, अशी रचना.

पहिल्या अपयशाने ख्रिस बेल खचला. १९७२ संपता संपता तो बँड सोडून गेला. उरलेले तिघेही जवळपास पांगलेच होते. त्यांना पुन्हा एकत्र आणलं ते एका अजब कार्यक्रमाने. मे १९७३च्या अखेरच्या शनिवार-रविवारच्या सुमाराला आर्डेंटच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्यांनी देशभरातल्या रॉक समीक्षकांना मेम्फिसला बोलावून घेतलं. लेस्टर बँग्ज होता, पुढे सिनेमा दिग्दर्शक झालेला पोरसवदा कॅमेरून क्रोही होता. तिघांनी लफायेट्स म्युझिक रूममध्ये वाजवलं आणि एरवी हाताची घडी घालून ऐकणारे समीक्षक उठून नाचले. त्या रात्रीमुळे दुसरा अल्बम करायचं ठरलं.

आणि २९ मे १९७३ला, म्हणजे पाहुणे घरी पोहोचतात न पोहोचतात तोच, कोलंबियाने आपला अध्यक्ष क्लाइव्ह डेव्हिस याला काढून टाकलं. स्टॅक्सचा करार करणारा हाच. साखळीतली कडी तुटली ती इथे, अल्बमचं रेकॉर्डिंग सुरू होण्याच्याही आधी. स्टुडिओतल्या तिघांना ते जाणवलं असेल असं वाटत नाही.

‘रेडिओ सिटी’ हेडफोन लावून ऐका. पहिल्या अल्बमवर बेलने सुरावटींचे थर रचले होते, प्रत्येक कोपरा घासूनपुसून लख्ख. आता तो नाही. (जाण्याआधी एक-दोन गाण्यांना त्याचा हात लागला होता, पण नाव छापलेलं नाही.) गिटार एकच, चिल्टनची, काच फुटावी तशी तीक्ष्ण. ती थांबते तिथे खरोखरच पोकळी होते, आणि त्या पोकळीत हमेलचा बेस आणि स्टीफन्सचे ड्रम्स धावून येतात. ‘ओ माय सोल’ तर सतत कोसळेल असं वाटतं आणि कोसळत नाही. सगळं याच तिघांनी वाजवलंय असंही नाही. काही गाण्यांत ड्रम्सवर रिचर्ड रोझब्रो आहे. पण अल्बमचा स्वभाव तिघांचा आहे: एक माणूस कमी आहे हे लपवायचं नाही. ‘सप्टेंबर गर्ल्स’ हे तीन मिनिटांच्या आतलं गाणं माझ्या मते पॉवर पॉपची अख्खी व्याख्या आहे. चाल आनंदी आणि गाणारा मात्र अजिबात आनंदी नाही.

कव्हरवर रक्तासारखं लाल छत, मधोमध उघडा बल्ब आणि त्यातून निघालेल्या पांढऱ्या वायरी. हा फोटो विल्यम एगलस्टनने मिसिसिपीतल्या ग्रीनवूडमध्ये १९७३ला काढलेला. तो चिल्टनच्या घरच्यांचा मित्र. रंगीत छायाचित्रं ही कला मानायला तेव्हा लोक तयार नव्हते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधलं त्याचं गाजलेलं प्रदर्शन दोन वर्षांनी, १९७६ला झालं. म्हणजे हा फोटो त्याच्याही आधी रेकॉर्डच्या दुकानात पोहोचायला हवा होता.

हवा होता. पण परीक्षणं पुन्हा उत्तम आली, ‘बिलबोर्ड’नेही हा विकला जाणारा माल आहे असंच म्हटलं, आणि तोवर कोलंबिया आणि स्टॅक्स एकमेकांच्या उरावर बसले होते. कोलंबियाने माल बाजारात नेण्यात रस घेतला नाही. परीक्षण वाचून दुकानात गेलेल्या माणसाला रेकॉर्ड मिळत नव्हती. त्या काळात विक्री झाली सुमारे वीस हजार. हा आकडा ‘लोकांना कळला नाही’ याचा पुरावा म्हणून दिला जातो. माझ्या मते तो ट्रक किती निघाले याचा आकडा आहे. स्टॅक्स स्वतः १९७५च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली.

आता हमेलबद्दल, कारण या गोष्टीत त्याला नेहमी तळटीपेत टाकतात. अल्बम पूर्ण झाल्यावर तेवीस वर्षांचा अँडी हमेल कॉलेजचं शेवटचं वर्ष पुरं करायला बँड सोडून गेला. दौऱ्यावर त्याच्या जागी जॉन लाइटमनने बेस वाजवला. हमेल पुढे इंजिनिअरिंग शिकला आणि टेक्सासमध्ये जनरल डायनॅमिक्स आणि नंतर लॉकहीड मार्टिन या विमानं बनवणाऱ्या कंपन्यांत त्याने आयुष्यभर नोकरी केली. रॉकच्या दंतकथेत अशा माणसाला जागा नसते. तिथे बेलसारखी माणसं लागतात, जो १९७८मध्ये सत्ताविसाव्या वर्षी कार अपघातात गेला. किंवा चिल्टनसारखी, ज्याने पुढची काही वर्षं स्वतःचीच मोडतोड केली. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि माझ्या ओळखीत वीकेंडला बँडमध्ये वाजवणारे चार जण तरी आहेत. ‘नोकरी सोडली नाहीस म्हणजे तुला ते मनापासून नकोच होतं’ हे वाक्य त्यांनी किती वेळा ऐकलंय ते मी बघितलंय. हमेलला मनापासून हवं नव्हतं असं म्हणणाऱ्याने ‘वे आउट वेस्ट’ ऐकावं. ते त्याने लिहिलंय आणि स्टीफन्सने गायलंय. काम चोख करूनही दोनदा माल गोदामातच राहिलेला त्याने पाहिला. तिसऱ्यांदा काय होईल याचा हिशेब त्याने मांडला, आणि तो चुकला नाही. चिल्टन आणि स्टीफन्सने १९७४मध्ये ध्वनिमुद्रित केलेला तिसरा अल्बम बाहेर यायला १९७८ उजाडलं.

पुढे रेकॉर्ड मिळू लागल्या तसे ऐकणारेही मिळाले. १९८६मध्ये बँगल्स या बँडने ‘सप्टेंबर गर्ल्स’ आपल्या अल्बमवर घेतलं, आणि तो अल्बम लाखोंनी खपला. गाणं तेच होतं, चालही तीच. पुढच्याच वर्षी रिप्लेसमेंट्सनी चिल्टनच्या नावाचंच गाणं केलं, तेही आर्डेंटमध्ये. १९९३मध्ये चिल्टन आणि स्टीफन्सने पोझीज बँडच्या दोघांना घेऊन बिग स्टार पुन्हा उभा केला.

१७ मार्च २०१०ला चिल्टन गेला. तीनच दिवसांनी ऑस्टिनच्या संगीत महोत्सवात बिग स्टारचा कार्यक्रम ठरलेला होता. तो रद्द न करता त्याची श्रद्धांजली केली गेली. बेस वाजवायला त्या मंचावर अँडी हमेल आला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये कॅन्सरने तोही गेला, वयाच्या ५९व्या वर्षी, चिल्टनच्याच वयाला. ‘रेडिओ सिटी’च्या तिघांपैकी मागे राहिला जोडी स्टीफन्स. तो १९८०च्या दशकापासून आर्डेंटमध्येच नोकरीला होता. जॉन फ्रायने रात्री उघडा ठेवलेला तोच स्टुडिओ.