भंगारातली निळी चमक

अणुबॉम्ब, अतिरेकी असे शब्द कानावर आले की आपल्याला वाटतं, हे मोठ्या लोकांचं बघणं. पण ब्राझील देशातल्या गोयानिया शहरात १९८७ साली जे झालं, त्यात ना बॉम्ब होता ना अतिरेकी. होतं एका भंगारवाल्याचं घर.

तिथल्या कॅन्सरच्या दवाखान्याने जागा बदलली आणि किरणांचं जुनं मशीन मागेच टाकलं. सुमारे दोन वर्षं ते बेवारस पडून होतं. आपल्या गटात दहा रुपयांचा हिशेब लागला नाही तर आपण बैठक उठू देत नाही!

सप्टेंबरात दोघांनी मशीनचा जड भाग काढून नेला आणि विकला. आत सीझियमची पूड होती, शंभर ग्रॅमसुद्धा नाही. अंधारात ती निळी चमकायची. भंगारवाल्याने कौतुकाने ती पाहुण्यांना, शेजाऱ्यांना वाटली. कुणी अंगाला चोळली. त्याच्या सहा वर्षांच्या पुतणीने तर त्याच हातांनी जेवण केलं.

मग घरोघरी उलट्या सुरू झाल्या. सगळे एकदमच आजारी कसे, हा प्रश्न पडला तो भंगारवाल्याच्या बायकोला. तिने ती वस्तू पिशवीत घालून, एका कामगाराला सोबत घेऊन, साध्या बसने आरोग्य खात्यात नेली. दुसऱ्या दिवशी खरं काय ते कळलं. एक लाखावर लोकांची तपासणी झाली, २४९ जणांना ती पूड लागलेली निघाली. चौघे गेले. त्यात ती बाई होती आणि ती पुतणीही. भीतीपोटी लोकांनी त्या लेकराच्या अंत्ययात्रेवर दगड फेकले.

अशीच पूड कुणी मुद्दाम साध्या स्फोटकाबरोबर उडवली, तर तिला ‘डर्टी बॉम्ब’ म्हणतात. जगाला धास्ती आहे ती याची. बॉम्बच्या युरेनियमवर कडक पहारा असतो, पण असे किरणांचे स्रोत दवाखान्यांत, कारखान्यांत, कॉलेजांतही असतात. २०१० साली दिल्ली विद्यापीठाचं वापरात नसलेलं यंत्र लिलावातून मायापुरीच्या भंगार बाजारात गेलं. तिथे एक कामगार दगावला.

पिवळ्यावर काळी तीन पाती ही किरणांची जुनी खूण. पण ती पंख्यासारखी दिसते, लोकांना उमगत नाही. म्हणून २००७ मध्ये लाल त्रिकोणातली नवी खूण आली: वरून येणारे किरण, कवटी आणि पळणारा माणूस. भंगार वेचणाऱ्या, विकणाऱ्या बायका आपल्या गटांत आहेत. यातली कुठलीही खूण दिसली, तर हात लावायचा नाही, लांब व्हायचं आणि पोलिसांना तिथेच बोलवायचं. पिशवीत घालून न्यायचं नाही.