तोतयाचे बंड



आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. इतिहास आम्ही वाचला तो युनियनच्या कचेरीत, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात. तेव्हा पंडितांच्या थाटाने बोलणे आम्हांस साधणार नाही.

आपले तासगाव हे परशुरामभाऊ पटवर्धनांचे गाव. त्यांनी येथल्या गणपतीच्या देवळाचे काम १७७९ साली आरंभिले. त्याच्या तीनच वर्षे आधी पेशव्यांच्या राज्याला एका कैद्याने हादरा दिला होता. त्या कैद्यामुळे ‘तोतया’ हा शब्द घरोघर झाला.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. प्रेत सापडले ते शिर नसलेले. अंगावरच्या खुणांवरून ते ओळखले गेले आणि त्याला अग्नी दिला गेला. पण ते पाहिले परमुलखातल्या थोड्या लोकांनी. इकडे घराघरांतून माणसे परत यायची होती. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी १७८३ साली मरेपर्यंत आपले वैधव्य मानले नाही. जेथे धनीणच वाट पाहते, तेथे रयतेने का पाहू नये?

या वाट पाहण्याच्या पोटी तोतया जन्मला. सुखनिधान नावाचा हा बुंदेलखंडाकडचा कनोजी ब्राह्मण. तोंडवळा भाऊंसारखा, म्हणून त्याने ते नाव घेतले. थोरल्या माधवरावांनी त्याला पकडून आणविले, चौकशी केली आणि खोटा ठरवून कैदेत टाकले. पुढे तो रत्नागिरीस होता.

येथेच प्रकरण संपावयाचे. पण १७७२ साली माधवराव वारले, १७७३ साली नारायणरावांचा खून झाला, राघोबादादा इंग्रजांकडे गेले आणि गादीवर तान्हे मूल आले. धनी कोण, हेच लोकांना कळेना. अशा वेळी, १७७६ साली, रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने कैद्याला बाहेर काढले आणि भाऊसाहेब म्हणून पुढे केले. हजारो लोक मिळाले. कोकणातले किल्ले एकामागून एक त्याच्या हाती गेले आणि फौज बोरघाटापर्यंत आली.

आता संशय कसा उलटतो ते पाहा. हा खरा भाऊ असेल, तर त्याला इतकी वर्षे कोंडून ठेवणारे कारभारी स्वामिद्रोही ठरतात. नाना फडणीस स्वतः पानिपतावर होते, तेथून जीव घेऊन परत आलेले. पण ज्याने दुसऱ्याचे नाव चोरले तो धनी झाला, आणि राज्य सांभाळणारा चोर! शेवटी महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी तोतयाचा मोड केला. तो समुद्रमार्गे पळाला, तेव्हा कुलाब्याच्या रघूजी आंग्र्यांनी त्याला धरले. पुण्यात पुन्हा चौकशी होऊन डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. एका कारखान्यात एका कामगाराच्या नावावर पतपेढीचे कर्ज निघाले आणि हप्ते थकले. जामीनदारांचे पगार कापले जाऊ लागले. तो म्हणे, “मी पैसा पाहिला नाही, दादा.” कोणी ऐकेना. आम्हीही ऐकले नाही. “घेतलेस ते कबूल कर, हप्ते पाडून देतो,” असे आम्हीच त्याला सांगितले. दोन महिन्यांनी कर्जाचा अर्ज काढून पाहिला. त्यावर झोकदार सही होती, आणि हा गडी तर पगाराला अंगठा उठवीत असे! कागद पहिल्या दिवसापासून कपाटात होता. पाहावासा कोणास वाटला नव्हता.

तोतयाच्या बाबतीत तरी काय निराळे घडले? निवाडा माधवरावांच्या वेळीच झाला होता. पण तो लोकांच्या मनापर्यंत पोचला नव्हता, आणि ज्यांना पोचला त्यांतल्या काहींना तो सोयीचा नव्हता. तोतयाला लुच्चेगिरी पुरत नाही. कोणाची आशा, कोणाचा स्वार्थ आणि बाकीच्यांचा आळस, एवढे त्याला लागते.

आज अंगठ्याचे ठसे यंत्रात गेले आहेत. तरी दुसऱ्याच्या नावावर कर्ज निघावयाचे थांबलेले नाही. असा कोणी उद्या आपल्या दारी येऊन “तो मी नव्हे” म्हणाला, तर त्याच्या तोंडाकडे पाहण्याआधी कागद पाहावा. आम्ही तो उशिरा पाहिला. त्या गड्याने आम्हांस क्षमा केली. पण पुढे युनियनच्या सभेला तो कधी आला नाही.