उंच गवताची प्रेअरी : अवशेषांचे रक्षण

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी असलेल्या नैसर्गिक गवताळ प्रदेशास प्रेअरी म्हणतात. ‘कुरण’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून हे नाव रूढ झाले. या प्रदेशाच्या पूर्वेकडील, अधिक पावसाच्या पट्ट्यात बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास व स्विच ग्रास ही उंच गवते प्रमुख असून त्यांतील बिग ब्लूस्टेम अनुकूल जमिनीत २ मी.हून अधिक वाढते. यूरोपीय वसाहतीपूर्वी या पट्ट्याने सु. ७ कोटी हेक्टर भूमी व्यापली होती. आज तिचा ४ टक्क्यांहून कमी भाग उरला असून त्यातील बराचसा कॅनझस व ओक्लाहोमा राज्यांतील फ्लिंट हिल्स या टेकड्यांच्या प्रदेशात आहे. या अवशेषांच्या रक्षणाचा इतिहास केवळ वनस्पतींचा नसून जमिनीवर हक्क कोणाचा, या वादाचाही आहे.

ऱ्हास : प्रेअरीच्या गवतांचा मोठा भाग जमिनीखाली असतो. नेब्रास्का विद्यापीठातील जॉन वीव्हर (१८८४–१९६६) यांनी खोल चर खणून मुळांचा अभ्यास केला व अनेक वनस्पतींची मुळे २ ते ३ मी. किंवा त्याहूनही खोल जातात, असे दाखविले. या मुळांच्या कुजण्याने हजारो वर्षांत काळी, सकस माती तयार झाली आणि तीच प्रेअरीच्या नाशास कारण झाली. चिवट मातीत लाकडी व बिडाचे नांगर अडत. जॉन डीअर यांनी १८३७ मध्ये इलिनॉय राज्यात गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर बनविला आणि ही अडचण दूर झाली. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतवाल्यांना जमिनी मिळाल्या, लोहमार्गांनी बाजारपेठ जवळ आणली आणि अवघ्या दोन-तीन पिढ्यांत गवताच्या जागी मका व गहू आले. आयोवा राज्यात मूळ प्रेअरीचा एक सहस्रांशाहून कमी भाग शिल्लक राहिला. जुन्या दफनभूमींचे कोपरे व लोहमार्गालगतच्या अरुंद पट्ट्या एवढ्याच जागी ती तग धरून राहिली.

फ्लिंट हिल्सचा प्रदेश वाचला, तो कोणाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे, तर तेथील भूरचनेमुळे. चुनखडकाचे व चकमकीच्या दगडाचे थर तेथे पृष्ठभागालगत असल्याने नांगरट शक्य झाली नाही. मात्र गवत पौष्टिक असल्याने गुरचराईचे मोठे मळे वसले. त्यापूर्वी हा प्रदेश कॅन्सा (कॉ) व ओसेज या आदिवासी जमातींचा होता. कॅन्सा जमातीस १८७३ मध्ये तेथून हलवून सध्याच्या ओक्लाहोमात पाठविण्यात आले. कॅनझस राज्याचे नाव याच जमातीवरून पडले आहे.

आरंभीचे प्रयत्न : आयोवातील वनस्पतिशास्त्रज्ञ एडा हेडन (१८८४–१९५०) यांनी उरलेल्या तुकड्यांचे सर्वेक्षण करून ते विकत घेण्याचा आग्रह धरला. त्यानुसार १९४५ मध्ये हॉवर्ड परगण्यात सु. ९७ हेक्टरांची प्रेअरी राज्याने खरेदी केली. पुढे तिला हेडन यांचेच नाव देण्यात आले. विस्कॉन्सिन विद्यापीठाने मॅडिसन येथे तत्पूर्वीच, १९३० नंतरच्या दशकात, पडीक शेतावर प्रेअरी पुन्हा रुजविण्याचा प्रयोग सुरू केला होता. ऑल्डो लिओपोल्ड (१८८७–१९४८) यांचा त्यात सहभाग होता. तेथे जॉन कर्टिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांतून अग्नीचे महत्त्व सिद्ध झाले. केवळ कुंपण घालून प्रेअरी टिकत नाही. आग न लागल्यास वाळलेल्या गवताचा थर साचतो, झुडपे व रेड सीडारसारखे वृक्ष शिरकाव करतात आणि काही दशकांत गवताळ भूमीचे झुडुपी रान होते. आदिवासी जमाती हेतुपूर्वक वणवे लावीत, त्यांमागील उपयुक्तता अशा रीतीने शास्त्रीय प्रयोगांनी उलगडली.

राष्ट्रीय उद्यानाचा वाद : फ्लिंट हिल्समध्ये राष्ट्रीय उद्यान असावे, ही मागणी १९५० नंतर जोर धरू लागली. १९६१ मध्ये केंद्रीय अंतर्गत खात्याचे मंत्री स्ट्यूअर्ट युडॉल हे पाहणीसाठी हेलिकॉप्टरने उतरले असता तेथील एका पशुपालकाने त्यांना, ही खाजगी जमीन आहे, असे सांगून परत जाण्यास फर्मावले. ही घटना देशभर गाजली. पशुपालकांचा युक्तिवाद दुर्लक्षणीय नव्हता. आपल्या पूर्वजांनी दरवर्षी वसंतात गवत जाळून व गुरे चारून जी प्रेअरी टिकविली, तीच आता सक्तीने संपादन करून आपल्याला तेथून उठविणार काय, असा त्यांचा सवाल होता. करांचे उत्पन्न बुडेल, ही स्थानिक संस्थांचीही भीती होती. उलट, संरक्षणवाद्यांच्या मते मळेमालकांची मर्जी हा कायमचा आधार होऊ शकत नव्हता. या तिढ्यात तीन दशके गेली.

१९९४ मध्ये नॅशनल पार्क ट्रस्ट या खाजगी संस्थेने चेस परगण्यातील स्प्रिंग हिल (झेड बार) हा मळा खरेदी केला आणि त्यातून तडजोड निघाली. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी ‘टॉलग्रास प्रेअरी राष्ट्रीय राखीव क्षेत्र’ स्थापन झाले. त्याचे क्षेत्रफळ सु. ४,४०० हेक्टर असले, तरी केंद्र शासनास त्यातील ७३ हेक्टरांहून अधिक जमिनीची मालकी घेता येणार नाही, असे बंधन कायद्यातच घातले गेले. उर्वरित जमीन २००५ मध्ये ‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेने विकत घेतली. व्यवस्थापन राष्ट्रीय उद्यान सेवेच्या सहकार्याने चालते. २००९ मध्ये तेथे बायसन पुन्हा आणण्यात आले.

संशोधन व सद्यःस्थिती : मॅनहॅटन (कॅनझस) जवळील ३,४८७ हेक्टरांच्या कोन्झा प्रेअरी केंद्राची स्थापना १९७१ मध्ये लॉइड हल्बर्ट यांच्या प्रयत्नांनी झाली. तेथे वेगवेगळे पाणलोट ठराविक कालांतराने—दर एक, दोन, चार किंवा वीस वर्षांनी—जाळले जातात. १९८७ मध्ये तेथे बायसन सोडण्यात आले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन निरीक्षणांनुसार बायसन चरत असलेल्या भागात देशी वनस्पतींच्या जातींची संख्या दुपटीने वाढली. बायसन प्रबळ गवते अधिक खातात व त्यामुळे फुलझाडांना प्रकाश व जागा मिळते.

या निष्कर्षांतून नवा प्रश्नही उभा राहिला. संपूर्ण कुरण दरवर्षी जाळल्यास गुरांची वाढ चांगली होते, परंतु प्रेअरी चिकनसारख्या जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना आडोसा उरत नाही. मुळीच न जाळल्यास रेड सीडार पसरतो. म्हणून दरवर्षी कुरणाचा एखादाच भाग आळीपाळीने जाळण्याची पद्धत सुचविण्यात आली. वसंतातील वणव्यांचा धूर दूरच्या शहरांपर्यंत जात असल्याने त्याच्या नियोजनाची योजना कॅनझसने २०१० मध्ये केली. फ्लिंट हिल्सचा बहुतांश भाग अजूनही खाजगी मालकीचा असल्याने राखीव क्षेत्रांबाहेरील प्रेअरीचे भवितव्य पशुपालन किफायतशीर राहण्यावर अवलंबून आहे. नांगरापासून दगडांनी वाचविलेली ही भूमी वृक्षांच्या आक्रमणापासून मात्र माणसाच्या सततच्या श्रमांनीच वाचू शकते.