विकत घेतलेला खेळ कोणाचा?

१६ नोव्हेंबर २००४ रोजी ‘हाफ-लाइफ २’ हा खेळ बाजारात आला. लोकांनी दुकानातून खोका आणला, डिस्क घातली, खेळ संगणकावर इन्स्टॉल केला. तरी तो सुरू होईना. आधी इंटरनेटला जोडा, व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम’वर खातं उघडा, सर्व्हरची परवानगी घ्या, मग खेळा. पहिल्या दिवशी सर्व्हरवर इतकी गर्दी उसळली, की पैसे मोजून, डिस्क हातात असूनही अनेकांना ताटकळावं लागलं. आणि हा खेळ मुळात एकट्याने खेळायचा होता.

त्याच्या महिनाभर आधी भारत सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केलं होतं. त्यात ब्रॉडबँडची किमान गती ठरली २५६ केबीपीएस. तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक घरांत इंटरनेट नव्हतंच. होतं तिथे ते फोनची लाइन अडवून बसायचं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारी चोरीची सीडी मात्र कुणाची परवानगी मागत नसे. चोर रोखण्यासाठी बांधलेल्या भिंतीवर पहिल्यांदा डोकं आपटायचं ते प्रामाणिक गिऱ्हाइकाचं, ही या इतिहासातली जुनीच गंमत आहे.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे दुसरी बाजूही सांगायला हवी. दहा जण एकत्र खेळणार असतील तर दहाही जणांकडे एकच आवृत्ती लागते, नाहीतर एकाला दिसणारी भिंत दुसऱ्याला दिसणार नाही. सुरक्षेतलं भोक बुजवायचं असेल तर अपडेट सक्तीचं करण्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो गरज कुठे संपते आणि सोय कुठे सुरू होते, हा. सोय अर्थातच कंपनीची.

२०१०मध्ये युबिसॉफ्टने ‘असॅसिन्स क्रीड २’च्या पीसी आवृत्तीत पुढची पायरी गाठली. आता एकदा परवानगी घेऊन भागेना. खेळताना पूर्ण वेळ जोडणी हवी. त्या मार्चमध्ये कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि एकटे खेळणारेही बाहेर फेकले गेले. मे २०१२मध्ये ‘डायब्लो ३’ आला. पहिल्या रात्री जगभरच्या खेळाडूंनी राक्षसांच्या आधी ‘एरर ३७’ पाहिली.

मार्च २०१३मधलं ‘सिमसिटी’चं प्रकरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. शहर वसवण्याच्या या खेळालाही सतत इंटरनेट लागे आणि पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोलमडले. मॅक्सिस या निर्मात्या कंपनीचं म्हणणं होतं, की बरीच आकडेमोड सर्व्हरवर होते. ती वेगळी काढायला प्रचंड काम करावं लागेल. काही दिवसांतच एका हौशी प्रोग्रामरने जोडणी तुटल्यावर खेळ बंद पाडणारी तपासणी काढून टाकली. शहर सर्व्हरविना चालत राहिलं. वर्षभराने, मार्च २०१४मध्ये, कंपनीनेच ऑफलाइन खेळायची सोय दिली.

मायक्रोसॉफ्टला तर वर्षही लागलं नाही. ‘एक्सबॉक्स वन’ने दर २४ तासांनी एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची, असं जून २०१३मध्ये सांगण्यात आलं. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी जुना एक्सबॉक्स ३६० आहेच, असंही एका वरिष्ठ अधिकाऱ्याने ऐकवलं. खेळाडू खवळले. १९ जूनला कंपनीने तो नियम मागे घेतला. दोन आठवड्यांपूर्वी जे अटळ होतं ते एका निवेदनात टळलं!

अपडेटची सक्ती याहून गुपचूप काम करते. २००२चा ‘वॉरक्राफ्ट ३’ लोक अठरा वर्षं खेळत होते. जानेवारी २०२०मध्ये त्याची ‘रीफोर्ज्ड’ ही नवी आवृत्ती आली. ती ज्यांनी घेतली नाही, त्यांनाही ऑनलाइन खेळायचं तर नवाच प्रोग्राम उतरवून घ्यावा लागला, आणि त्यात खेळाडूंची क्रमवारी, गट अशा जुन्या सोयी सुरुवातीला नव्हत्या. घरातल्या कपाटातलं पुस्तक प्रकाशकाने रात्रीत बदलून ठेवावं, तसा हा प्रकार.

शेवटची पायरी ३१ मार्च २०२४ची. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या २०१४च्या शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर त्या दिवशी बंद केले. त्यातला मोठा भाग एकट्याने खेळता येत असे, पण सर्व्हर गेले आणि खेळच संपला. डिस्क उरली, तिचा उपयोग उरला नाही. यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५मध्ये तिच्या युरोपातल्या अर्जाने दहा लाख सह्या ओलांडल्या. दरम्यान सप्टेंबर २०२४मध्ये युबिसॉफ्टनेच या मालिकेतल्या पुढच्या दोन खेळांना ऑफलाइन सोय देऊ, असं जाहीर केलं.

हा क्रम नीट पाहिला तर एक गोष्ट दिसते. ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ या वाक्याचा अर्थ बऱ्याचदा ‘आम्ही तसं ठरवलेलं नाही’ एवढाच असतो. सर्व्हर कधीतरी बंद होणारच. तो कुणीही जन्मभर चालवू शकत नाही. पण त्यानंतर खेळाचं काय, हे पहिल्या दिवशी ठरवलं तर काम आवाक्यातलं असतं. दहा वर्षांनी ठरवायला गेलं तर ते खरोखरच अवघड होऊन बसतं.

१ जानेवारी २०२५पासून कॅलिफोर्नियात एक कायदा लागू झाला आहे. डिजिटल वस्तूवर ‘विकत घ्या’ असं लिहायचं असेल, तर आपण फक्त वापराचा परवाना देतो आहोत हे विक्रेत्याने स्पष्ट सांगायला हवं. कायमची उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय वापरता येणाऱ्या वस्तूंना त्यातून सूट आहे. म्हणजे वायर काढल्यावरही जे चालतं, तेच बिनशर्त विकलं गेलं असं कायदाही मानतो. पुढचा खेळ घेताना आपणही हीच कसोटी लावून पाहायला हरकत नाही.