ऊपरी, उपरा आणि सुपर

लखनौकडे एखाद्याला झपाटलं की जुनी माणसं म्हणतात, ‘ऊपरी हवा लग गई.’ आपल्याकडे हीच ‘बाहेरची बाधा’. पगाराशिवायच्या पैशाला तिथं ‘ऊपरी आमदनी’, इथं वरकमाई. म्हणजे ‘वर’ हा शब्द नुसत्या उंचीचा नाही. रीतसर वाटेनं न आलेल्यालाही तो चिकटतो.

त्याच शहरात रायबरेली रोडवर १९८३ साली स्थापन झालेली संजय गांधी पदव्युत्तर वैद्यकीय संस्था आहे, बोलण्यात नुसती ‘पीजीआय’. तिथल्या क्लिनिकल इम्युनॉलॉजीवाल्यांना ‘सुपरअँटिजेन’ हा शब्द नवा नाही. मराठीत त्याचा ‘महाप्रतिजन’ करण्याचा मोह होतो. तो टाळावा.

अँटिजेन म्हणजे अँटिबॉडी, आपलं प्रतिपिंड, निर्माण करवणारा. ‘प्रतिजन’मधला ‘जन’ हा जनकातला, जनतेतला नव्हे. एरवी प्रतिजनाचा तुकडा दुसऱ्या पेशीवरच्या रेणूच्या खाचेत बसतो, आणि रोगप्रतिकार करणाऱ्या ज्या टी पेशीला तो ओळखता येतो तीच जागी होते. लाखात एखादी. १९८९ मध्ये फिलिपा मॅरॅक आणि जॉन कॅपलर यांच्या गटानं ज्यांना ‘सुपरअँटिजेन’ म्हटलं, ती स्टॅफिलोकॉकस जंतूंची विषं खाचेत बसतच नाहीत. खाचेचा रेणू आणि टी पेशीचा ग्राहक, दोघांना बाहेरच्या बाजूनं धरून ती एकमेकांशी जखडून टाकतात. ओळखपाळख लागतच नाही. पाचांतली एक टी पेशी खवळू शकते. मग ताप चढतो, रक्तदाब कोसळतो.

यात ‘महा’ काय आहे? लॅटिन ‘सुपर’ आणि संस्कृत ‘उपरि’ एकाच कुळातले. आपला ‘वर’ त्याच घरचा, आणि ‘उपरा’ही. हे विष थोर नाही, उपरं आहे.

हीच आडवाट औषधानंही धरली. मूत्रपिंडरोपणानंतर शरीर नवा अवयव नाकारू लागलं तर द्यायच्या ‘मुरोमोनॅब’ या प्रतिपिंडाला अमेरिकेत १९८६ मध्ये मान्यता मिळाली. ते टी पेशीवरच्या सीडी-३ या रेणूला धरतं. द्यायचं टी पेशी आवरायला. पण पहिल्या डोसाला त्या उलट खवळायच्या आणि रोगी थंडीतापानं कुडकुडायचा. (नावातला ‘मुर’ म्हणजे उंदराचं, लॅटिन ‘मूस’, आपला मूषक.) पुढं २०१४चं ब्लिनाट्युमोमॅब आलं. ते एका हातानं टी पेशीला आणि दुसऱ्यानं रक्ताच्या कर्करोगाच्या पेशीला धरतं. इथंही खाच नाही, ओळख नाही. फक्त गाठ घालून देणं.

परिभाषाकोशाच्या पुढच्या आवृत्तीसाठी माझी सूचना ‘उपरा प्रतिजन’ अशी आहे. यापेक्षा नेमका शब्द कुणाला सुचला तर जरूर कळवावा. फक्त ‘महा’ नको.