पुराचा हजेरीपट

नदीच्या पुराविषयी इंजिनिअराने बोलावे, शेतकऱ्याने बोलावे; युनियनच्या माणसाने त्यात का शिरावे, असे कोणी विचारील तर प्रश्न रास्तच आहे. माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु हजेरीपट वाचण्याची विद्या मला थोडीफार येते, आणि आज मला एका हजेरीपटाविषयीच सांगावयाचे आहे.

ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या काठी, न्यू साउथ वेल्स व व्हिक्टोरिया या राज्यांच्या सीमेवर, बार्मा-मिलेवा नावाचे सुमारे ६६,००० हेक्टरांचे अरण्य आहे. झाडे मुख्यतः एकाच जातीची : आपण ज्यांना निलगिरी म्हणतो त्या कुळातली, तांबड्या लाकडाची. हजारो वर्षांपूर्वी भूकंपांनी तेथील जमीन उचलली गेली, नदीची वाट अडली, आणि ती वळसा घालून अरुंद पात्रातून वाहू लागली. पात्रात न मावणारे पाणी काठ सोडून पसरे. त्यावरच हे अरण्य पोसले. तिकडचे ऋतू आपल्या उलट. जूनमध्ये हिवाळा, सप्टेंबरात वसंत. डोंगरातल्या पावसाचे व वितळलेल्या बर्फाचे पाणी हिवाळ्या-वसंतात येई आणि उन्हाळ्यात ओसरे. खोलगट जागी मोइरा नावाचे गवत माजे. त्याला काही महिने खोल पाणी हवे, आणि मागून कोरडा उन्हाळाही हवा. इतके दिवस बुडालेल्या जागी निलगिरीचे कोवळे रोप तग धरीत नाही. म्हणून गवताचे रान गवताचेच राही. पूर किती खोल, किती दिवसांचा आणि कोणत्या ऋतूतला, यावर कोणी कोठे नांदावे हे ठरत होते.

१९१९ साली वरच्या अंगास ह्यूम धरणाचे काम सुरू झाले आणि १९३६ साली ते पुरे झाले. हिवाळ्या-वसंताचे पाणी साठवावयाचे आणि उन्हाळ्यात कालव्यांच्या शेतीला सोडावयाचे, असा नवा क्रम पडला. नदीचे वेळापत्रकच उलटले! लहानमोठे नेहमीचे पूर उणावले. गवताच्या रानात निलगिरीची रोपे शिरली, उंचवट्यावरची झाडे तहानेली राहिली. गुरांच्या चराईनेही हानी केली, हे खरे. धरण बांधणाऱ्यांना मी सरसकट दोष देत नाही. भाकरीलाही पाणी लागतेच.

आता उपग्रहाकडे येऊ. २३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. सुमारे ९०० किलोमीटर उंचीवरून दर १८ दिवसांनी तो त्याच जागेवर परत येई. निरोगी पान अवरक्त किरण परत फेकते, पाणी ते गिळून टाकते. एवढ्या भेदावरून कोणती जमीन बुडाली आणि कोणते रान पालवले हे चित्रात कळते. १९८२ पासून ३० मीटरचा एकेक चौकोन वेगळा दिसू लागला. २००८ साली हा साठा सर्वांना फुकट खुला झाला, आणि माझ्या मते खरी क्रांती तीच. तोवर दशकांची चित्रे ओळीने मांडून पाहणे खिशाला परवडत नव्हते. अर्थात ढग आडवे येतात, आणि दाट पानांखालचे पाणी या डोळ्याला नीट दिसत नाही. त्यासाठी रडार लागते. १९९७ ते २००९ च्या दीर्घ अवर्षणात संशोधकांनी आधी काठावरची झाडे पायी हिंडून तपासली, मग चित्रांशी ताडली, आणि साऱ्या काठाची प्रकृती अजमावली.

पण वर्षे पाहा. हजेरीपट १९७२ चा, धरण १९३६ चे. एका कराराच्या बोलणीत मालकपक्षाने आमच्यापुढे कोष्टक ठेवले : दहा वर्षांत मजुरीची खरी किंमत घटलेली नाही. बेरीज अचूक होती. फक्त कोष्टकाचा आरंभ कपातीनंतरच्या वर्षापासून केला होता! उपग्रहाची लबाडी नाही, तो जन्मलाच उशिरा. परंतु त्याचे पहिले चित्र हीच नदीची मूळ प्रकृती धरली, तर छत्तीस वर्षांची कपात हिशेबातून पुसली जाते. म्हणून जुनी मोजणीदप्तरे, नकाशे, विमानातून घेतलेली छायाचित्रे त्याला जोडावी लागतात.

आणि माणसे. ही भूमी योर्टा योर्टा लोकांची. फेब्रुवारी १९३९ मध्ये कमरागंजा या सरकारी वसाहतीतले दीडशेहून अधिक लोक अपुरा शिधा व अधिकाऱ्याची जुलमी वागणूक असह्य होऊन बाहेर पडले आणि नदी ओलांडून बार्माच्या काठी तळ देऊन राहिले. मी तर याला संपच म्हणतो. धरणापूर्वीचे पूर त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले. पुढे त्यांनी जमिनीवरील हक्काचा दावा लावला, तेव्हा १९९८ साली न्यायाधीशाने निकाल दिला की इतिहासाच्या लाटेने तो हक्क वाहून नेला आहे. २००२ साली वरच्या न्यायालयातही ते हरले.

दरम्यान १९९३ मध्ये या अरण्यासाठी वर्षाला १०,००० कोटी लिटर पाणी राखण्याचे ठरले होते. २०१० साली बार्मा राष्ट्रीय उद्यान झाले आणि व्हिक्टोरिया सरकारने त्याच्या व्यवस्थापनाबाबत योर्टा योर्टांशी करार केला. मालकी नव्हे, करार. त्यातला फरक येथल्या कामगार बंधुभगिनींना मी समजावून सांगावा असे नाही.